थंडीचे पैसे

डांबरगोळ्यांच्या वासाची ती तपकिरी शाल कपाटातून काढली की मला कोल्हापूर स्टेशनवरची रिझर्वेशनची रांग आठवते. आम्हाला भावाकडे दिल्लीला जायचं होतं. वडिलांनी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "स्लीपर काय, एसी काय, डबं एकाच इंजनाला. पोचणार एकदमच की. मग एसीला जादा पैसं कशाचं?" तो मान वर न करता म्हणाला, "थंडीचं." वडील फॉर्मवर स्लीपर लिहिणार, तोच मागून आई म्हणाली, "आजवर लई धूळ खाल्ली. या खेपेला एसीनंच जायाचं." चारचौघांत ती त्यांच्यापुढं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. बहुधा त्यांनीही, कारण त्यांनी मुकाट्यानं एसी लिहिलं. गाडीत मिरज यायच्या आतच आई पदर घट्ट ओढून काकडायला लागली. वडिलांनी विचारलं, "थंडी वाजतीय व्हय?" ती म्हणाली, "न्हाय की." मग त्यांनी पिशवीतून शाल काढली, "मलाच वाजतीया" म्हणत स्वतः पांघरली आणि दुसरं टोक तिच्या खांद्यावर टाकलं. बंद काचेबाहेरचा ऊस बघत दोघं बराच वेळ तशीच बसली. आता तिकिटं मी काढते. आई म्हणते, साधंच काढ. वडील म्हणतात, "एसीचंच काढ, आन शाल एकच घे."