पात्याचं पाणी

तेव्हा मी जालन्यात एका कारखान्याच्या तपासणीखोलीत कामाला होतो. हिऱ्याचं टोक पोलादावर दाबायचं, तबकडीवरची सुई बघायची आणि कडकपणाचा आकडा कागदावर लिहायचा, एवढंच काम. पण दोन वर्षांत त्या सुईचा मला माज चढला होता. लोक माणसाचं पाणी जोखतात, मी पोलादाचं जोखतो, असं पाहुण्यांत सांगत फिरायचो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बदनापूरजवळच्या आमच्या शेतात ते मोसंबीची कलमं करत. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, तीत मोसंबीचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. या कामात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. एकदा म्हणाले, "बाजारातला चाकू दोन दिसात बोथट होऊन राह्यला. तू एवढा पोलादातला, मंग तूच करून दे की."

जुन्या कानशीचे मी दोन चाकू केले. कानस आधी तापवून राखेत हळूहळू निवू दिली, घासून पाती काढली. मग मस्तगडातल्या माझ्या खोलीमागं शेगडी पेटवून ती लाल केली आणि बादलीत बुडवली. यालाच पाणी देणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी यंत्राखाली धरली, तर सुई चौसष्टवर गेली. मी तो आकडा जेवणाच्या सुट्टीत चार जणांना ऐकवला.

आमच्या भट्टीवरच्या म्हाताऱ्या चाचांनी पातं उजेडात फिरवून पाहिलं. "पाणी बराबर चढलं. आता उतरव. तव्यात वाळू तापव अन् पातं गव्हाच्या रंगाचं होईस्तोवर तीत ठेव. न्हाई तर ही बिलकुल काच आहे."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पाणी उतरवलं की आकडाही उतरतो, साठाच्या खाली येतो, आणि चौसष्ट तर मी सांगून बसलो होतो. शिवाय पाणी उतरवणं म्हणजे एखाद्याची जिरवणं. माझी मीच कशाला जिरवू? चाचांना हो हो म्हणालो आणि रविवारी त्यातला एक चाकू तसाच दादांना देऊन आलो.

मंगळवारी दुसरा चाकू माझ्या टेबलावरून घसरून फरशीवर पडला. पातं साधं वाकलंही नाही. त्याचे तीन तुकडे झाले आणि एक तर कपाटाखाली लांब उडाला. मी तो शोधायला वाकलो आणि तसाच बसून राहिलो. दादांची एक सवय मला आठवली. पट्टी बांधायला दोन्ही हात लागतात म्हणून ते चाकू दातात धरत. पातं दाढेखाली, धार बाहेर.

साहेबांना काय कारण सांगितलं ते आज आठवत नाही. बस मिळाली, पण ती जागोजागी थांबत होती. रविवार संध्याकाळपासून मंगळवार दुपारपर्यंत त्यांनी खुंटांवर किती डोळे बसवले असतील? एखादा तुकडा घशात गेला असेल तर? घरी फोन नव्हता. काही झालं असतं तरी मला कळलं नसतं. थंडीचे दिवस होते, तरी माझा सदरा पाठीला चिकटला होता. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

फाट्यावर उतरून पळत सुटलो. दादा रोपांच्या ओळीत उकिडवे बसले होते, हातात पट्टी, आणि दातात माझा चाकू. हाक ओठांवर आली होती, ती गिळली. दचकून दात आवळले असते तर? मी ढेकळं चुकवत, पाय न वाजवता जवळ जाऊ लागलो. चार पावलांवर असताना त्यांनी मान वळवली आणि चाकू तोंडात तसाच ठेवून बोलले, "काहून आलास?"

प्रत्येक अक्षराला पातं त्यांच्या दातांत हलत होतं. मी नुसता हात पुढं केला. माझं तोंड बघून त्यांनी चाकू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो शेजारच्या दगडावर टेकवला आणि अंगठ्यानं जरासा दाबला. टक् असा आवाज झाला आणि अर्धं पातं मातीत पडलं.

दादांनी तुकडा उचलून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "दिला तव्हा ठावं होतं का तुला?"

खोटं बोलायला जागा होती. त्यांना यातलं काही कळत नव्हतं. पण मी हो म्हणालो.

ते रागावले नाहीत. शेतात कामाला बाया अनवाणी येतात म्हणून माती चाचपून त्यांनी बारीकसारीक कण वेचले, कागदात बांधले आणि खिशात घातले. मला घरी जाऊन जेवून घे म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी नवा चाकू नेला. चाचांसमोर पाणी उतरवलेला, आकडा अठ्ठावन्न. दादांनी तो पुढं कितीतरी वर्षं वापरला, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवलाही. पण पट्टी बांधायची वेळ आली की ते तो खाली मातीवर ठेवत आणि दर रोपाला पुन्हा वाकून उचलत. त्यानं कामाला उशीर व्हायचा, कंबर दुखायची. एकदा न राहवून मी विचारलं, "दातात काहून धरत न्हाई आता?"

"दातं दुखून राह्यले," ते म्हणाले, आणि हातातल्या उसाचं कांडं त्यांनी कडकन दातांनी सोललं.