चुकेल त्याच्या टोपीत पीस

चार माणसं एका जागी नेमानं बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कुणी काही करत नाही. फजलूभाईंच्या दुकानात कोपऱ्याकोपऱ्यात कापूस साठायचा ना, तसंच! कितीही झाडा, थोडा उरतोच.

फजलूभाई पिंजारी. हिंगोलीच्या बाजारात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. राज्य निजामाचं, त्यामुळे कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. नमाज आटोपून फजलूभाई आले की आमची बैठक त्यांच्या कोऱ्या गाद्यांवर जमायची. नरहरपंत वकील, बळवंतराव वैद्य, स्टेशनातले पार्सलबाबू वामनअण्णा, आणि सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर म्हणजे मी. अण्णांना शुक्रवारची सुट्टी नव्हती. पण गाडी निघून गेली की स्टेशनात तरी कोण असायचं!

नाद एकच. शेतात, नदीकाठी पडलेलं पीस उचलून आणायचं आणि कोणत्या पाखराचं ते ओळखायचं. ज्याचा त्याचा नाद. कुणी पत्ते खेळतं, आम्ही पिसं खेळायचो.

कायदे अर्थात वकिलांनी केले. पीस गळालेलंच पाहिजे, उपटलेलं चालणार नाही. खरं-खोटं ठरायला पुरावा पाहिजे: डब्यातल्या पिसाशी जुळलं पाहिजे, नाहीतर पाखरू डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार हवेत. चुकेल त्यानं ते पीस पुढच्या शुक्रवारपर्यंत टोपीत खोचून गावभर हिंडायचं. त्यानंतर ते बरोबर ओळखणाऱ्याच्या नावानं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाणार!

वामनअण्णांची टोपी कधी रिकामी दिसली नाही. हुदहुद्याचं पीस पाहून ते टिटवी म्हणायचे, टिटवीचं पाहून बगळा. स्टेशनात उतरणारे पाहुणे त्यांना बँडवाला समजायचे. अण्णांची इच्छा मात्र एवढीशीच होती.

"डब्यात आपल्या नावाचं एक पीस पायजे. बस, एकच."

हे ते इतकं मनापासून म्हणायचे की मला खरंच वाईट वाटायचं. मग पुढचं पीस यायचं, अण्णा चुकायचे, आणि मी सगळ्यांइतकाच हसायचो.

*

साक्षीदारांच्या कायद्यात वकील स्वतःच अडकले. कयाधूच्या काठी फिरताना त्यांना तारेवर नीलकंठ दिसला. त्यानं पंख झटकले आणि निळंशार पीस खाली आलं. आता एक साक्षीदार म्हणजे ते स्वतः. दुसरा कुठून आणायचा?

बांधावरून एक शेतकरी चालला होता. वकिलांनी धोतर सावरत धावत जाऊन त्याचा हातच धरला. "वर पाहा, वर पाहा!"

शुक्रवारी त्याला घेऊन दुकानात हजर. वकिलांनी कोर्टातला आवाज लावला.

"त्या दिवशी तुम्ही वर पाहिलं?"

"व्हय मालक."

"जे दिसलं ते निळं होतं?"

"एकदम निळं!"

वकिलांनी आमच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "आता या पंचांना सांगा, काय निळं होतं?"

"आभाळ!"

*

एकदा वसमतचे एक हळदीचे व्यापारी रागानं लाल होऊन आले. नव्या उशीवर काळं पीस निघालं म्हणे. "फजलूभाई, कापसाचा भाव घेता अन् उशीत कावळा भरता?"

त्यांनी पीस समोर आपटलं. फजलूभाई बिचारे हात जोडून काही बोलणार, तेवढ्यात वैद्यांनी पीस उचललं. "कावळा कसा असेल? चमक बघा की."

"कोतवाल आहे," मी म्हटलं.

"कोकीळ," वकील म्हणाले.

"बगळा," अण्णा म्हणाले.

"काळा?" आम्ही एकदम ओरडलो.

"चिखलात बसला असन!"

वाद असा रंगला की व्यापारी राग विसरून आमच्यातच गादीवर टेकले. आम्ही त्यांनाच उलटतपासणीला घेतलं. उशी कुठं ठेवली होती? खिडकीत. खिडकीबाहेर काय आहे? कडूनिंब. त्यावर कोण बसतं? शेवटी त्यांचीच मती गुंग झाली.

उठताना ते म्हणाले, "कुणाचं बी असू द्या. पण ठरलं की वसमतला निरोप धाडा. आता मला झोप लागायची न्हाई!"

*

घुबडाच्या पिसाची कड लोकरीसारखी मऊ असते. म्हणून ते कानाजवळ हलवलं तरी आवाज येत नाही. हे वैद्यांनी सांगितलं आणि आम्ही सगळे कानाजवळ एकेक पीस हलवत डोळे मिटून बसलो. रस्त्यानं जाणारे एक मौलवीसाहेब थबकले.

"फजलू, काय ऐकून राहिले सगळे?"

"कुछ नहीं, मौलवीसाब. ऐकू येत न्हाई, तेच ऐकून राहिलो."

मौलवीसाहेबांनी आमच्यासाठी दुआ मागितली आणि ते पुढं गेले.

त्यातल्या घुबडाच्या पिसाला अण्णा पारवा म्हणाले होते, तेव्हा ते त्यांच्याच टोपीत गेलं. वहिनींनी दारातच अडवलं. "घुबडाचं पीस घरात? ते बाहेर, न्हाई तर तुमी बी बाहेर!"

अण्णा नेमाला पक्के. रोज टोपी पार्सल ऑफिसात कुलूपबंद करायचे आणि बोडक्यानं घरी जायचे. सुतक समजून वाटेत लोक हळूच विचारायचे, "अण्णा, घरात कोण गेलं?"

*

लाल पिसाची गोष्ट मात्र अण्णांच्या जिव्हारी लागली. फजलूभाईंना ते दुकानासमोरच सापडलं. लालभडक, जरा कुरळं. असलं काही आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. वैद्य म्हणाले, हिमालयातला पक्षी वाट चुकून आला असावा. वकिलांना ते पटलं, आणि वकिलांना पटलं म्हणून मलाही पटलं. अण्णांनी पीस उलटंसुलटं केलं, तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "पोपट."

पुढच्या शुक्रवारी लग्नाच्या बँडचा मास्तर दारात उभा. "भाई, माझ्या टोपीतला तुरा इथं पडला का? कोंबड्याचं पीस होतं, लाल रंगवेल."

फजलूभाई हात पसरून म्हणाले, "घ्या! हिमालयातून पाखरू खुद्द आलं!"

आम्ही हसून लोळलो. अण्णांनी तेवढं ते पीस उचलून पाहिलं.

"माझ्या तोंडावर कोंबडा आला होता हो," ते हळूच म्हणाले. "पण एवढ्या शिकेल माणसांत कोंबडा कसा म्हनाव?"

*

मग अण्णांची पेन्शन जवळ आली. मुलगा नांदेडला होता, तो त्यांना न्यायला येणार होता. डब्यात त्यांच्या नावाचं अजून काही नव्हतं. खरं सांगतो, आम्हाला चुटपुट लागली. वकिलांनी तर सोपं पीस आणायचा बेतही केला. पण अण्णांना ते कळलं आणि ते संतापले. "भीक नको! चुकलो तं चुकलो."

जायच्या आधीच्या शुक्रवारी फजलूभाईंच्या भाचीचं लग्न शिरड शहापूरला होतं. अण्णांनी रजा काढली होती. जेवून आम्ही बैलगाडीनं परत निघालो. वाटेत चिंचेच्या झाडाखाली बैल सोडले, तर तिथं लांब लांब, विटकरी रंगाची पिसं पडलेली. सगळी सारखी.

वकील म्हणाले, घार. वैद्य म्हणाले, तांबडी घार. मीही घारीलाच चिकटलो. फजलूभाईंनी भारद्वाज सांगितला आणि एवढा मोठा भारद्वाज कसा, ते विचारू नका म्हणाले.

अण्णांनी पीस हातात धरलं. बराच वेळ पाहिलं.

"मोर."

आम्हाला हसू आवरेना. "अण्णा, निळं कुठं आहे? हिरवं कुठं आहे? लेकराला बी मोर ठाऊक असतो!"

एरवी अण्णा लगेच टोपी पुढं करायचे. त्या दिवशी त्यांनी मान हलवली. "हसा. मोरच हाय."

फजलूभाईंनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, जाताना तरी बराबर सांगायचं होतं, यार!"

बैल पुन्हा जुंपले. घुंगरांचा आवाज झाला तशी शेजारच्या ज्वारीतून फडफड उठली. एक मोर आमच्या डोक्यावरून उडत चिंचेवर गेला. त्यानं पंख पुरते उघडले होते आणि त्यांची टोकं विटकरी होती. अगदी हातातल्या पिसासारखी.

साक्षीदार दोन पुरे होते. इथं अख्खी गाडी होती!

वकिलांनी पगडीत पीस खोचलं. वैद्यांनी खोचलं, मी खोचलं. फजलूभाईंच्या रूमी टोपीवर ते गोंड्याशेजारी डुलायला लागलं. उरलेल्यातलं सर्वांत देखणं पीस वकिलांनी दोन्ही हातांनी पुढं केलं.

"अण्णा, हे डब्यासाठी. तुमच्या नावानं."

अण्णांनी ते घेतलं. धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसलं आणि छातीशी धरून बसले. आम्ही सगळे खूश होतो. हिंगोली येईपर्यंत ते कधी पिसाकडे पाहायचे, कधी आमच्या टोप्यांकडे.

बाजार जवळ आला. लोक आम्हाला पाहून हसायला लागले. अण्णांनी टोपी काढली, पीस नीट खोचलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"अण्णा, हे काय?" वकील ओरडले. "तुमचं बरोबर आलं ना! ते डब्यात जायचं!"

"डब्याचं राहू द्या," अण्णा म्हणाले. "मघापासून टोपी लई मोकळी मोकळी वाटून राहिली!"