लॉरीखालची झोळी

निपाणीत तंबाखूच्या वखारी होत्या, वखारीत कामाला बायका होत्या आणि बायकांना तान्ही पोरं होती. ही पोरं ठेवायची कुठं? वखारीच्या आत तंबाखूच्या धुळीचा खकाणा असा, की मोठ्या माणसाला ठसका लागून जीव घाबरा व्हावा. तिथं तान्ह्याची काय कथा! म्हणून बायका बाहेर अंगणात सोडलेल्या बैलगाडीखाली लुगड्याची झोळी बांधायच्या. गाडीच्या आसाला दोन घट्ट गाठी मारल्या, की वर सावली, खाली वारा आणि पोर गप्प. यात भ्यायचं काय होतं? बैल लांब दावणीला. ते आणायचे, जुंपायचे, गाडीवानानं आरडाओरडा करायचा, घुंगरं वाजायची. तोवर आई हातातलं काम टाकून यायची आणि पोर काढून न्यायची. बापजाद्यांपासून असंच चाललं होतं, आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता.

मग बैलगाड्या गेल्या आणि वखारींत लॉऱ्या आल्या.

धरणेंद्र शेठजींच्या वखारीवरच्या लॉरीचा ड्रायव्हर होता तवनाप्पा. सदलग्याचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरात आई अशी, की चुलीत लाकूड घालायच्या आधी ते आपटून, झटकून, उजेडात धरून बघायची; किडामुंगी जळू नये म्हणून. आणि तिच्या पोटी हा दिवटा निघाला मोटारीचा वेडा! बेळगावात खडेबाजारातल्या एका व्यापाऱ्याची गाडी धुता धुता चालवायला शिकला. आई म्हणाली, "अरं, चाकाखाली किती जीव येतील, त्याचा काय इचार?" तवनाप्पा हसला. म्हणाला, "आई, चाकाखाली बघत बसलो, तर बेळगाव कवा गाठायचं?"

तो उन्हाळ्यातला दिवस. तंबाखूची बोदं, म्हणजे भलेमोठे गठ्ठे, लॉरीत भरून झाली होती. तवनाप्पानं पुढं जाऊन इंजिनात हँडल घालून गरागरा फिरवलं, इंजिन चालू झालं, तो वर चढून बसला आणि लॉरी फाटकाकडं काढली. फाटकाशी येतोय तोवर मागनं अशी किंकाळी आली, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याला वाटलं, वरनं बोद कुणाच्या अंगावर पडलं. खाली उतरून बघतो तर मालुबाई, वखारीतली एक तरणी बाई, डोक्यावरचा पदर पडलेली, लॉरीच्या पोटाखाली शिरत होती.

ती बाहेर आली ती झोळी घेऊनच. झोळीत तिचा शामू. अंगणापासून फाटकापर्यंत पोरगं लॉरीला लोंबकळत आलेलं, मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, आणि अंगठा तोंडात घालून खुशाल झोपलेलं!  तवनाप्पा तिथंच मातीत बसला.

"मालू, आगं, लॉरीखाली कोन झोळी बांधतं व्हय गं?" त्याच्या तोंडातनं शब्द कसेबसे निघाले.

मालुबाईनं शामूला छातीशी धरलं. म्हणाली, "पन बैल कुठं जुंपलं हुतं, आण्णा?"

 ती काय त्याला उलटून बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. दिवसभर वखारीच्या आत राबणाऱ्या त्या बाईनं उभी गाडी बैल जुंपल्याबिगर हलताना जन्मात बघितली नव्हती.

त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचं तवनाप्पाला सुचलं नाही, आणि मावळल्यावर तर तो जेवतच नसे. उपाशीपोटी तो उठून मोटारस्टँडवर गेला आणि दिसेल त्या ड्रायव्हरला धरून सांगत सुटला. "गाडी चालू करायच्या आदी खाली वाकून बघा रं. ल्हान पोरं असत्यात खाली. सावली बघून शिरत्यात, झोळी टांगलेली असती. स्टिअरिंगवरनं काय बी दिसत न्हाय."

ड्रायव्हर हसले. त्यात परशराम सगळ्यांत पुढं. शेठजींनी दुसरी लॉरी घेतली होती, तिच्यावर हा असायचा. मिशीला तेल, डोक्याला तिरकी टोपी आणि तोंड असं, की मेलेल्याला हसवील. "तवनाप्पा," तो म्हणाला, "तुमी जैन मानसं, मुंग्या बघायला वाकताय. आमाला बी आता वाकाया लावताय व्हय?" सगळे खिदळले. दोन-चार जण आठवडाभर वाकले, मग कंबर दुखायला लागली त्यांची.

तवनाप्पाची झोप उडाली होती. डोळा लागला, की तोंडात अंगठा घातलेलं पोर दिसायचं. ड्रायव्हर वाकत नाहीत म्हटल्यावर त्यानं डोकं लढवलं आणि एक तोड काढली. शेठजींच्या कानावर घातली, शेठजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं आणि लॉरीचं लोखंडी हँडल मालुबाईच्या हातात दिलं.

"हे आजपासनं तुज्याजवळ. लॉरी आली, की ड्रायव्हर हँडल तुला दील. जायच्या टायमाला मागंल. तू आदी खाली बघायचं, पोरं काढायची, मगच द्यायचं. हँडल न्हाय, तर लॉरी न्हाय."

बायकांच्या जिवात जीव आला. शामूच्या त्या प्रसंगापासून बिचाऱ्या धास्तीनं पोरं भिंतीकडेला उन्हात ठेवत होत्या. कातडी भाजायची लेकरांची. "मंग परत बांधू का लॉरीखाली?" मालुबाईनं विचारलं.

"खुशाल बांध," तवनाप्पा म्हणाला.

आणि खरंच बेस चाललं हो! ड्रायव्हर कुरकुरायचे, पण हँडल द्यायचे. मालुबाई ते कमरेला खोचल्यागत जवळ बाळगायची. कुणी मागायला आला, की आधी लॉरीखाली शिरायची, एकेक झोळी सोडायची, पोरं मोजून आयांच्या हातात द्यायची आणि मग ठसक्यात म्हणायची, "जावा आता." दुसऱ्या वखारींतही ही रीत पोचली. तवनाप्पाची छाती फुगली. आईला त्यानं सदलग्याला जाऊन मुद्दाम सांगितलं.

परशरामाला मात्र हे लई झोंबलं होतं. बाईमाणसापुढं हात पसरायचा? एक दिवस त्यानं लॉरी अंगणाच्या चढावर, फाटकाकडं तोंड करून लावली. हँडल मालुबाईच्या हातात ठेवताना हसून म्हणाला, "नीट संभाळ हं, वैनी!" मालुबाई आत गेली. दुपारी बोदं भरून झाली. तवनाप्पा आपल्या लॉरीच्या टपावर दोर आवळत होता. परशराम आपल्या लॉरीत चढला आणि वखारीच्या दाराकडं बघून मोठ्यानं ओरडला, "ए मालुबाई, हँडल घट्ट धर गं! पळालं बिळालं तर?"

आतल्या बायका हसल्या. मालुबाई हँडल उंच करून दारात आली, तीही हसत होती.

परशरामानं ब्रेक सोडला.

भरलेली लॉरी उतारावरनं आवाज न करता निघाली. पुढं गेअर टाकला, तसं इंजिन घरघरून चालू झालं. हँडलाशिवाय! परशराम खिडकीतनं हात हलवत होता. तवनाप्पा टपावरनं ओरडला, त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. या खेपेला लॉरीखालच्या झोळीची गाठ टिकली नाही. शामू तोवर रांगण्याएवढा झाला होता, वजन वाढलं होतं.

पुढचं मला सांगवत नाही आणि तुम्हीही विचारू नका.

परशराम उतरला, मागं आला, त्यानं बघितलं आणि तो वेड्यासारखा तेच तेच बोलत राहिला, "मी गंमत केली. आवो, मी गंमत केली." पोलीस त्याला घेऊन गेले. तो सुटून आला, पण पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही त्यानं.

गावात सगळे म्हणाले, दोष परशरामाचा. शेठजी म्हणाले, तुझी रीत बरोबर होती तवनाप्पा, त्या हलकटानं मोडली. तवनाप्पालाही तसंच वाटायला लागलं होतं. तेवढाच धीर धरून तो मालुबाईच्या घरी गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिनं विचारलं,

"आण्णा, हँडलाबिगर बी चालती व्हय ती?"

"व्हय," तवनाप्पा म्हणाला. "उतार असला, तर चालती."

"तुमास्नी ठावं हुतं?"

 ठाऊक नव्हतं कसं म्हणणार? तवंदीच्या घाटात बंद पडलेली लॉरी त्यानं कितीदा अशीच चालू केली होती. कुठल्या ड्रायव्हरला ठाऊक नसतं ते? "व्हय," तो म्हणाला.

"मंग मला का वं न्हाय सांगितलं? मी पोराला उन्हात ठेवलं असतं की."

अरे देवा! तवनाप्पा तिथनं कसा उठला आणि घरी कसा आला, त्याचं त्याला कळलं नाही.

त्यानंतर तो हँडलाच्या रीतीचं नाव काढेना. स्टँडवर जाऊन त्यानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं, की चूक माझी, मी त्या बाईला अर्धंच सांगितलं. मग लॉरीखाली मातीत उताणा झोपला आणि म्हणाला, "आता या एकेक जन. वरनं दिसतोय का मी, सांगा." कुणी हसलं नाही. निपाणी-चिकोडीकडचा नवा ड्रायव्हर आला, की तवनाप्पा त्याला आधी मातीत झोपवायचा आणि मगच स्टिअरिंगवर बसू द्यायचा.

बायकांनाही तो वखारीवखारीत जाऊन सांगायचा. लॉरी हँडलानं चालते. उतारावरनं चालते. माणसांनी ढकलली तरी चालते. ब्रेक सैल झाला, तर आत कुणी नसतानाही चालते. तिच्याखाली पोर ठेवू नका, कधीच नको. बायका ऐकायच्या, माना हलवायच्या. मालुबाई कामावर परत आली होती. ती सगळ्यांत मागं उभी असायची आणि त्याचं सांगून झालं, की विचारायची, "आनि?"

"आनि न्हाय, आक्का. झालं एवढंच."

"नीट आठवा, आण्णा," मालुबाई म्हणायची.

तवनाप्पा खाली मान घालून आठवत राहायचा.