वाटणीत न आलेल्या कोंबड्या

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की आधी भाताच्या कोंड्यातला तो गोल खळगा डोळ्यांपुढे येतो. त्या खळग्यात ठेवलेली टोपली चोरीला गेली होती आणि टोपलीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी होती.

तेव्हा मी उलव्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तक्रारदार साठीच्या बाई. विमानतळासाठी गाव उठले तेव्हा त्यांना वसाहतीत प्लॉट मिळाला होता. घरामागच्या तेवढ्याशा जागेत त्यांनी गावच्या कोंबड्या जगवल्या होत्या.

ठाणे अंमलदार हसू दाबत म्हणाला, "बाई, कोंबडीची एफआयआर? मग उद्या आमलेटची पण घ्यायची का?"

"हस बाबा," बाई म्हणाल्या. "कोंबरा कुत्र्यानं मारला. त्याची ही शेवटची अंडी हायत, अकरा. आज अठरावा दिस. अजून तीन दिस ऊब मिलाली तर पिल्लं. नाय तर आमच्या गावचा कोंबरा संपला."

मी अर्ज घ्यायला लावला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि रेकॉर्डवरच्या एका कोंबडीचोराला बोलावून घेतले. तासभर विचारपूस केल्यावर तोच वैतागला.

"साहेब, मी चोर आहे, येडा नाही. कापायला नेणारा पाय धरून उलटी टांगतो. अंड्यांसकट टोपली, तीही कोंडा न सांडता, कोण नेईल? ज्याला पिल्लं पाहिजेत तो."

मला लाज वाटली. माझी आई खुडूक कोंबडीची जागा बदलायची तेव्हा टोपलीवर लुगडे टाकायची आणि भरली घागर घेतल्यासारखी हळू चालायची. लहानपणी मी हे कितीदा पाहिले होते. घरातला पहिला पदवीधर झालो, परीक्षा दिल्या, वर्दी मिळाली, आणि नेमके हे विसरलो. त्या चोराला सोडून दिले आणि बीटच्या हवालदाराला झाकलेल्या टोपलीचा माग काढायला सांगितले.

दोन दिवसांनी खबर आली. उलव्यातल्या एका सोसायटीचा वॉचमन सांगत होता की चौथ्या मजल्यावरच्या आजी परवा रिक्षातून लुगड्याने झाकलेली टोपली घेऊन आल्या आणि बाल्कनीतल्या आवाजावरून सेक्रेटरी चिडले आहेत.

ओळख पटवायला तक्रारदार बाईंना जीपमध्ये घेतले. पत्ता ऐकताच त्यांनी तोंड फिरवले. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "ती माझी थोरली जाव हाय. दोन वर्सं आमचं बोलनं नाय."

दार थोरल्या बाईंनीच उघडले. नाकारले काहीच नाही. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या आडोशाला टोपली होती.

"आजी, कोंबडी कुणाची?" मी विचारले.

"सासूची."

"सासूबाई कुठे आहेत?"

"मेली कवाच. तिच्या कोंबऱ्यांच्या पोटची ही. वाटनी झाली, जमिनीचे पैसे वाटले, भांडी वाटली. कोंबऱ्या कुनी वाटल्या नाय. हिनं खुराडाच उचलला."

"तू मुलाच्या फ्लॅटात चाललीस," धाकट्या म्हणाल्या. "इथं काय लिफ्टमदी पालनार होतीस?"

"इचारायचं तरी होतं गो! इकरं सकाली उठते, दार उघरते, समोर भिंत. तांदलाच्या कन्या टाकायला हात उठतो नि तसाच खाली येतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दोन पिल्लं ठेवनार होते. कोंबरी परत सोडनार होते, साहेब."

मुद्देमाल ताब्यात घ्यायचा म्हणून हवालदार टोपलीकडे वाकला. दोघी एकदम ओरडल्या, "हात नको लावू!"

धाकट्या खाली बसल्या. कोंबडीच्या पोटाखालून एक अंडे काढून त्यांनी कानाशी धरले. मग ते जावेच्या कानाशी नेले.

"बोलतंय," थोरल्या म्हणाल्या.

मीही अंडे मागून कानाशी धरले. अंड्याच्या आतून बारीक चिवचिव येत होती.

पंचनाम्यात मी लिहिले, 'मुद्देमाल हलवल्यास नष्ट होण्याचा संभव. सबब जागेवरच ठेवला.' ताबे पावतीवर दोघींचे अंगठे घेतले. सेक्रेटरी नियम सांगायला वर आले. "पोलिसांचा मुद्देमाल आहे," मी म्हणालो, "दोन दिवस सांभाळून घ्या."

धाकट्या बाई तिथेच राहिल्या. अकरापैकी नऊ पिल्ले निघाली. त्यांत नर किती, हे तेव्हा कळणार नव्हते. पण अर्ज मागे घ्यायला दोघी एकाच रिक्षातून आल्या. पिल्लांना माती हवी म्हणून कोंबडी वसाहतीत परत गेली होती.

"मग वाटणी कशी केलीत?" मी विचारले.

"सकाली खुराडा उघरायचं काम तिचं," धाकट्या म्हणाल्या. "ती येईस्तोवर मी कडीला हात लावत नाय."

गाव उठले तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. घरे, झाडे, विहिरी सगळे मोजून लिहिलेले मी पाहिले होते. सकाळी खुराडा कोण उघडते, हे कुठल्याच रकान्यात नव्हते. त्यानंतर म्हातारे माणूस क्षुल्लक वाटणारी तक्रार घेऊन आले, तर मी आधी त्याला बसवायचो आणि त्याचे रोजचे दिवस कसे जातात ते विचारायचो.

हे मला उशिरा कळले. माझ्या आईने कोंबड्या पाळून मला शिकवले. नोकरी लागल्यावर तिला क्वार्टरमध्ये आणले. ती एकदाच म्हणाली, "दोन कोंबड्या पाळू का रे?" मी म्हणालो, "आई, इथं चालत नाही." तिने पुन्हा विचारले नाही. आता ती नाही.

निवृत्तीनंतर सकाळी फिरायला निघालो की कधी कधी त्या वसाहतीपर्यंत जातो. थोरल्या बाई खुराडा उघडत असतात. मी कुंपणाबाहेर उभा राहून बघतो. एकदा त्यांनी मला आत बोलावले आणि मूठभर कण्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

"टाका, साहेब."

मी खाली बसलो आणि हळूहळू, पुरवून पुरवून टाकल्या.