दुपारी तीनची भेट

माझा ब्लॉग खाजगी आहे. तो वाचायची परवानगी दोघींनाच होती: मला आणि मोहोळला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला. ती गेल्यावर मी त्यावर एकच लेख लिहिला आणि थांबले. मनातलं सगळं जहर त्यात ओतलं होतं. कावीळ झाली तरी सासूनं तिला महिनाभर झाडपाल्यावर ठेवलं, सोलापूरला आणली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

काही महिन्यांनी सहज आकडेवारीचं पान उघडलं. त्या लेखावर रोज एक भेट दिसत होती.

शाळेत नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरच्या सरांना दाखवलं. ते हसले.

"मॅडम, तुम्हीच उघडता आणि तुमचीच भेट मोजली जाते. स्वतःच्या भेटी वगळायची सोय असते."

त्यांनी ती करून दिली. दुसऱ्या दिवशी मी ब्लॉगला हातही लावला नाही. तरी एक भेट होतीच. वेळ, दुपारी तीन. तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्यासमोर उभी होते.

"आणखी कुणाला परवानगी दिलीय?"

"बहिणीला."

"मग त्याच वाचत असतील की!"

ती गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. पुढचे काही दिवस तीन वाजले की वर्गात माझा खडू आपोआप थांबायचा. शेवटी रविवारी मोहोळची एसटी धरली.

"तिचा मोबाईल?" दाजी म्हणाले. "आईजवळ असतो. रिचार्ज मीच मारतो. त्याच्याबिगर तिला करमत न्हाय."

तीन वाजत आले होते. मागच्या खोलीत बहिणीची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिला आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मी दारात आलेली तिला कळलं नाही. अंगठ्यानं चाचपत तिनं मोबाईलवर दोनदा दाबलं आणि त्यातून बाईचा एकसुरी आवाज सुरू झाला. बहिणीनंच तिला हे शिकवलं होतं, माझे लेख ऐकायला. ब्लॉग उघडला की सगळ्यात नवा लेख समोर येतो. तो वाचला जात होता.

"सासूनं तिला महिनाभर झाडपाल्यावर ठेवलं," मोबाईल म्हणाला.

"व्हय गं," म्हातारी त्याला म्हणाली. "चुकलं माझं."

मी जवळ जाऊन बसले.

"मावशी, हे मी लिहिलंय. आवाज मशीनचा आहे."

"तू लिवलंस, ठाव हाय मला. पर बोलती तीच की. जित्ती असताना एका शब्दानं बोलली न्हाय मला. आता बोलती."

"काढून टाकते मी ते."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "नगं. मग ती कुटं जाईल?"

मी लेख काढला नाही. नवीन लिहिला तर हा खाली जाईल, म्हणून त्यानंतर एक ओळही लिहिलेली नाही. आकडेवारी मात्र रोज बघते. रोज एकच भेट असते.

गेल्या आठवड्यात शाळेतून आल्यावर मी माझ्या मोबाईलला तो लेख वाचायला लावला. आवाज मशीनचाच होता. पण 'महिनाभर' म्हणताना तो मधेच किंचित लांबला, बहीण लांबवायची तसा. मी घाईनं बंद केला. पुन्हा लावून बघायचा धीर अजून झालेला नाही.