गुडघ्याचा दांडा आणि माझी साडी

आधी एक गोष्ट स्वच्छ लिहून टाकते. गिटार माझ्या साडीमुळे बिघडली नव्हती. आमच्या कलापथकातली माणसं लातूरपासून उदगीरपर्यंत आजही उलटं सांगत फिरतात, आणि सांगताना हसतात. मुद्दा पहिल्या ओळीत मांडावा, हे मला पथकाच्या अप्पांनीच शिकवलं. पत्रकं लिहून लिहून ती सवय हाताला लागली. तेव्हा अप्पा, तुमचीच शिकवण वापरतेय.

अप्पा म्हणजे पथकाचे प्रमुख. व्यापारी घरातले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. भाषणाला उभे राहिले की धान्याच्या मोंढ्यातले हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून ऐकायचे. जात, हुंडा, बाईचे हक्क, सगळ्यावर बोलायचे. मी नांदेडची. आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवत वाजवतात ती गिटार तिथल्या क्लासात शिकलेली. अप्पांनी ऐकलं आणि मला लातूरला बोलावून घेतलं.

पथकाकडची गिटार साधी नव्हती. डाळ-मिलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात, कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र दाखवून, तिला लोखंडी पाय, पायडलं आणि गुडघ्याचा एक दांडा बसवून घेतला होता. पायडल दाबलं की खालची सळई ओढली जाते, तार ताणली जाते, सूर चढतो. गुडघ्यानं दांडा बाहेर ढकलला की एक तार सैल होते, सूर उतरतो. गुडघा काढला की स्प्रिंग दांड्याला मागं खेचते आणि तार पुन्हा जागेवर येते. यायला हवी.

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. रस्त्यारस्त्यावर नव्या जिल्ह्याच्या कमानी. कमानीखालून टँकर जायचा आणि ज्या गावात कमान नाही तिथं पोचायचाच नाही. आम्ही गावोगाव पाण्याचे कार्यक्रम करत होतो. त्यात हापशाचं एक गाणं होतं. जमिनीत पाणी नसताना हापसा मारत राहिलं की आतून एक सुस्कारा येतो. तो मी त्या दांड्यानं काढायचे. शुद्ध गंधारावरून कोमलवर घसरायचं आणि परत वर यायचं. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हसणं आपोआप थांबायचं. त्या थांबण्यासाठी मी वाजवत होते.

दसऱ्याला मी घरी नांदेडला गेले. परत आले तो पहिला कार्यक्रम किल्लारीकडच्या एका गावात. हापशाचं गाणं सुरू झालं, दांडा ढकलला, सूर उतरला. गुडघा काढला, तर सूर वर आलाच नाही. अर्ध्यात अडकला. ना शुद्ध, ना कोमल. पुढचं सगळं गाणं बेसूर. पेटी एकीकडे, मी दुसरीकडे. पोरं खिदळायला लागली.

जीपमध्ये बसल्यावर अप्पा म्हणाले, "ताई, तुझं लुगडं अडकून राहिलंय त्या दांड्यात."

"अप्पा, निऱ्या मी खोचून बसते. आजवर अडकल्या का कधी?"

"आता अडकल्या ना. बायामाणसाचं यंत्र न्हाई ते. तुझा दोष न्हाई, लुगड्याचा हाय."

ढोलकीवाला मागून म्हणाला, "अप्पा, ताईच्या निऱ्यांना ग्रीस लावून बघू का?"

सगळी जीप हसली. बाईच्या हक्कांवर तासभर बोलून आलेली जीप.

दुसऱ्या दिवशी मी गिटार कार्यालयात मांडली आणि एकेक कारण तपासत गेले. आधी तार. जुनी तार ओढ खाऊन सुरात राहत नाही, म्हणून नवी घातली. फरक नाही. मग खुंटी. तार खुंटीवर सरकते का, ते बघायला खुंटीवर पेन्सिलीची खूण केली. खूण हलली नाही. मग पायडलं. प्रत्येक पायडल दाबून सोडलं, पेटीशी सूर जुळवून पाहिला. सगळे बरोबर परत येत होते. म्हणजे बिघाड फक्त दांड्यात. शेवटी मी खुर्चीवरून उठले, बाजूला जमिनीवर बसले, साडी हातभर लांब ठेवली आणि दांडा हातानं ढकलला. सोडला. सूर पुन्हा अर्ध्यातच.

अप्पांना बोलावलं. "बघा. खुर्चीवर कुणी नाही. साडी कुठंय?"

अप्पांनी पाहिलं. ऐकलं. आणि म्हणाले, "रोज लुगडं अडकून अडकूनच झिजलं असंल आतून."

या वाक्यावर काय करायचं? ज्याला पुरावा दाखवला तोच पुरावा माझ्या पदराला बांधून परत माझ्याच अंगावर फेकतो. टँकर का येत नाही विचारलं की तहसीलमधले साहेब म्हणायचे, गावचा रस्ता खराब आहे. रस्ता का करत नाही, तर गावात पाणी नाही, खडी दबणार कशी. अप्पा त्या साहेबांची नक्कल फार छान करायचे.

आठवड्यावर लातूरची पाणी परिषद आली होती. गावोगावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन येणार होत्या, साहेब लोक समोर बसणार होते. आमचं सगळ्यात मोठं व्यासपीठ, आणि त्यात हापशाचं गाणं. अप्पांनी नांदेडहून एक गिटारवाला मागवला. कारकून माणूस, वाजवायचा बरा. ढोलकीवाल्यानं त्याचं नाव ठेवलं पॅन्टवाले. अप्पा मला म्हणाले, "ताई, तू कोरसमध्ये उभी राहा. झांज घे."

मी बांधलेला सुस्कारा, आणि मला झांज.

तालमीला पॅन्टवाले बसले. पॅन्टीला इस्त्री, गुडघे मोकळे. दांडा ढकलला, सोडला. सूर अर्ध्यात. पुन्हा केलं. पुन्हा अर्ध्यात. मी कोरसमध्ये झांज धरून अप्पांच्या तोंडाकडं बघत होते. आता काय म्हणतात?

अप्पा म्हणाले, "नवीन हायेत. हात बसायला येळ लागंल थोडा."

त्याच दांड्याला, त्याच बिघाडाला, त्याला वेळ आणि मला लुगडं. झांजा गिटारवर आपटायच्याच बाकी होत्या. आपटल्या नाहीत, कारण मग तेच पुढं वर्षभर सांगितलं असतं.

पॅन्टवाले बिचारे मान वर करून म्हणाले, "अप्पा, हे माझं न्हाई. आतच काहीतरी जाम हाय. खोलून बघू."

मी कुणाची परवानगी घेतली नाही. गिटार सतरंजीवर उलटी केली. दांड्यापासून तारेकडं जाणारी सळई सोडवली आणि तारेकडचा भाग बोटानं ओढून सोडला. टणकन जागेवर. म्हणजे स्प्रिंग चांगली, तार चांगली. मग दांडा ज्या आसावर फिरतो तो हलवून पाहिला. घट्ट. नट काढून आस बाहेर ओढला, तर त्याच्याभोवती खपली जमलेली. राखाडी, मध्ये पिवळं, कडेला लाल. नखानं खरवडली तर सिमेंटसारखी. वास घेतला. खवट खोबऱ्याचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सगळे अप्पांकडं बघायला लागले. शेवटी ढोलकीवाला म्हणाला, "ताई, तू नव्हतीस. खंडेनवमीला पूजा केली ना आपण सगळ्या वाद्यांची."

मग सगळं बाहेर आलं. ढोलकीला, पेटीला वरून कुंकू लावलं, फूल ठेवलं, झालं. गिटारीची पूजा करताना अप्पा म्हणाले, हिचा जीव खाली हाय, यंत्रात. म्हणून ती उलटी केली. एकेका सांध्याला भस्म लावलं, हळद-कुंकू लावलं, आणि यंदा दुष्काळ, देव कोपलाय, म्हणून नारळ तिथंच फोडून पाणी नीट आतपर्यंत शिंपडलं. पायडलांच्या सांध्यांना आधीपासून ग्रीस होतं, तिथं ते टिकलं नाही. गुडघ्याचा आस कोरडा होता. भस्म आणि नारळाचं पाणी, वरून ऑक्टोबरचं ऊन. गच्च बसलं.

"अप्पा," मी म्हटलं, "ही माझी साडी आहे का?"

"देवाचं हाय ते. तसं बोलू नये."

"देवाला मी काही म्हणत नाही. तुम्हाला विचारतेय."

"झालं गेलं ताई. साफ कर आता, परिषद तोंडावर हाय."

रॉकेलात आस बुडवला, जुन्या ब्रशनं घासला, भोकात चिंधी फिरवली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. दांडा ढकलला, सोडला. गंधार जिथल्या तिथं. पॅन्टवाल्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि झांजा उचलल्या.

मी बसले नाही. म्हटलं, सगळ्यांसमोर सांगा की साडीमुळे नव्हतं. अप्पा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करून राहिलीस. मी म्हटलं, एवढीशी आहे तर सांगा. ते बाहेर गेले, पान खाऊन आले, दुसऱ्याच गाण्याची तालीम लावली. सांगितलं नाही.

परिषदेला मी बसले. अप्पांसाठी नाही. समोर बाया घागरी पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या, आणि हापसा त्यांचा होता. सुस्कारा निघाला, खाली गेला, वर आला. हसणं आलं आणि थांबलं. साहेब घड्याळ बघत होते. उतरताना अप्पा पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, नीट खोचून बसलीस की वाजतंय का न्हाई."

पुढच्या खंडेनवमीला मी नांदेडला गेले नाही. अप्पांनी ताट आणलं, नारळ आणला, गिटार उलटी करायला हात घातला. मी आधीच माझी एक जुनी साडी फाडून यंत्राला खालून गच्च गुंडाळली होती. वरून तारा तेवढ्या मोकळ्या.

"हे काय? जुनं लुगडं, देवापुढं?"

"याच्यात काही अडकत नाही अप्पा. उलट काही आत जात नाही."

ढोलकीवाला हसला नाही. अप्पांनी वरच्या लाकडाला कुंकवाचं बोट लावलं आणि नारळ घेऊन बाहेर गेले. उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडला. पाणी मातीत गेलं.

गेल्या महिन्यात पथकात एक नवी मुलगी आली. गिटारीकडं बघत होती. अप्पा तिला म्हणाले, "त्याच्यापासून जरा जपून. लुगडं अडकतंय त्यात."

म्हणून हे लिहिलं. ती मुलगी परवापासून माझ्याकडं शिकायला येते. पहिल्या दिवशी मी तिला सूर शिकवला नाही. गिटार उलटी केली आणि पाना तिच्या हातात दिला.