सरोजबाईंच्या मूठभर अक्षता

कॉम्प्युटरवाल्यांवर निघालेला एकही माहितीपट सरोजबाई सोडत नाहीत. सकाळचा स्वयंपाक आटोपला की चष्मा चढवायचा आणि नातीला हाक मारायची, "सान्वी, लाव गं ते प्रोग्रामरांचं." मग परदेशातली ती गॅरेजं, ती विस्कटलेल्या केसांची पोरं, ते पिझ्झाचे खोके. बाई नाक मुरडतात. "ह्यांचं सगळं गॅरेजातच जन्माला येतं. आमच्याकडे गाडीच नव्हती, गॅरेज कुठून आणू? आमचं पुढच्या खोलीत झालं."

आणि झालं होतं, हे अगदी खरं. मुलगा झाल्यावर कोलशेतच्या कंपनीतली कॉम्प्युटर विभागातली नोकरी सुटली, तेव्हा बाईंनी डोंबिवलीच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत क्लास काढला. मशीन एकच. त्याच्यावर सासूबाईंनी, रंगूबाईंनी, शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. चपला जिन्यात काढायच्या, हातपाय धुऊन आत यायचं, एकाने कीबोर्डवर बसायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून त्याच्या चुका काढायच्या. मध्येच रंगूबाई पोह्यांच्या बशा आणायच्या आणि "मशीनवर सांडू नका रे" म्हणून दम भरायच्या. काय दिवस होते ते! त्यांची आठवण निघाली की बाईंचा आवाज आजही मऊ होतो.

अशा बाईंकडे करिश्मा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन येते म्हणाली, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. ठाणे-कल्याण पट्ट्यातून एवढे प्रोग्रामर निघाले कसे, यावर तिला माहितीपट करायचा होता. जांभळी साडी इस्त्रीला गेली. पण बाईंनी फोनवरच अट घातली, "अक्षतांचं काढायचं नाही." करिश्माने कबूल केलं.

कारण जुने विद्यार्थी भेटले की अक्षतांचा विषय निघतोच, आणि सगळे पोट धरून हसतात. एका वर्षी दसऱ्याला बाईंनी हौसेने प्रोग्राम लिहून स्क्रीनवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. आपण पाटीवर काढतो, तशीच. पोरं हात जोडून उभी. बाईंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि भक्तीच्या भरात कुंकवाच्या ओल्या अक्षतांची चांगली मूठभर उधळण केली. निम्म्या अक्षता फ्लॉपी जिथे घालतात त्या फटीतून थेट आत. मशीन घरघरलं, करपल्याचा वास आला आणि सरस्वती दिसेनाशी झाली. ठाण्याचा दुरुस्तीवाला डबडं उघडून आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

परीक्षा तर तोंडावर. बाईंनी रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्या पुढच्या खोलीत मांडल्या. प्रत्येक पोराकडे एक डबी, डबीवर 'अ', 'ब' असं नाव, आत चिंचोके. एकाने प्रोग्राम ओळीओळीने वाचायचा. 'अ मध्ये दोन मिळवा' आलं की अ-वाल्याने डबीत दोन चिंचोके टाकायचे. 'पुन्हा वर जा' आलं की वाचणाऱ्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. प्रोग्राम चुकला की कुणाची तरी डबी ओसंडून चिंचोके खोलीभर व्हायचे, आणि रंगूबाई वेचता वेचता सगळ्यांचा उद्धार करायच्या.

हे डब्यांचं बाईंनी कॅमेऱ्यापुढे खुलून सांगितलं. करिश्माने विचारलं, "पण काकू, मशीन बंद कशामुळे पडलं?" बाई म्हणाल्या, "काहीतरी तांत्रिक कारण होतं." करिश्माने काय ते ओळखलं, पण दिलेल्या शब्दाला जागून पुढे विचारलं नाही. बाईंना एवढीच धास्ती होती: आयुष्यभर शिकवलं ते बाजूला राहील आणि जगाला दिसेल ती मशीनमध्ये तांदूळ टाकणारी बाई.

मग गेल्या आठवड्यात करिश्माचा फोन आला. "काकू, कमलेश सरांनी त्यांच्या मुलाखतीत अक्षतांचं सांगितलंय. मी विचारलं नव्हतं. तुकडा पाठवते. तुम्ही नको म्हणालात तर कापते."

कमलेश म्हणजे शहाडहून क्लासला यायचा तो. कुणाला कीबोर्डजवळ फिरकू न देणारा, प्रोग्राम न वाचताच बटणं बडवणारा. आता मोठ्या कंपनीत मोठा साहेब. बाईंचं तोंडच उतरलं. सान्वीने फोन समोर धरला.

कमलेशचे केस पार पिकलेले. ऑफिसात नुसत्या मोज्यांवर फरशीवर बसलेला, भोवती तरुण मुलं, आणि मधोमध स्टीलच्या डब्या. त्याने अक्षतांचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. मुलं खदखदून हसली. बाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "बंद कर गं," त्या म्हणाल्या, पण सान्वीने केलं नाही.

"हसा," कमलेश म्हणत होता. "मशीन चालू राहिलं असतं ना, तर मी बटणंच बडवत बसलो असतो. बाईंनी ते बंद पाडलं, म्हणून मी पहिल्यांदा खाली बसलो आणि आत काय चालतं ते मला कळलं. आजही इथे काही अडलं की मी सगळ्यांच्या स्क्रीन बंद करायला लावतो आणि डब्या काढतो."

बाईंनी पदर काढला. तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, "मेला बसायला शिकला एकदाचा." मग स्वतःच करिश्माला फोन लावला. "त्याचं राहू दे. माझं तेवढं चुकलंय. पुन्हा येतेस का?"

रविवारी करिश्मा आली. तीच जांभळी साडी, तीच पुढची खोली. तिने कॅमेरा सुरू केला आणि तोच प्रश्न विचारला, "मशीन बंद कशामुळे पडलं?"

"अक्षतांमुळे," सरोजबाई म्हणाल्या. "मूठभर टाकल्या होत्या मी. बरं झालं टाकल्या."